कोड्यास काय?

नेकनूर,
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

सौ. वनमाला हिस,
आश्रुबाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू फोन उचलत नाहीस. परवापासून मी अकरा वेळा लावला. नऊ वेळा नुसता वाजला आणि दोन वेळा तुझ्या भावानं उचलला. "ताई शेतात गेलीया, दाजी," असं गहिनीनाथ म्हणाला, आणि मागून तुझाच आवाज आला, "इहिरीवर गेलीया म्हन." विहीर शेतातच आहे हे मी मुद्दाम बोललो नाही. तो बिचारा आधीच गोंधळला होता.

म्हणून हे पत्र. टपालानं टाकलं तर धर्मापुरीला कधी पोचेल सांगता येत नाही, म्हणून ९.४० च्या अंबाजोगाई गाडीवरच्या शिवशंकरकडे देतोय. तो ते अंबाजोगाईत तुमच्याकडच्या गाडीवर देईल. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, रिटायर झालो तरी एवढी ओळख शिल्लक आहे. पाकीट खळीनं पक्कं चिकटवलं आहे. शिवशंकर, तू हे वाचत असशील तर पुढचं वाचू नकोस.

तू रविवारी अशी का निघून गेलीस याचा मी दोन दिवस विचार करतोय. सकाळी पेपर आला. पुरवणीत माझा अर्ध्या पानाचा फोटो, खाली मुलाखत. 'सलग पन्नास रविवार महाकोडे बिनचूक सोडवणारे नेकनूरचे आश्रुबा डोईफोडे.' तू चुलीपाशी बसून ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलीस. मग मला चहा दिलास. मग पिशवी घेतलीस आणि स्टँडवर गेलीस. चहात साखर नेहमीइतकीच होती, त्यामुळे मला काही कळलं नाही.

शेजारच्या ताराबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कशापायी गेली ते मला इचारता? पेपर तुमीच वाचा की पुन्यांदा." वाचला. एका ओळीशिवाय मला काही सापडलं नाही. "घरातून कुणाची मदत होते का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं छापलंय की, "नाही. ही माझ्या एकट्याची साधना आहे. पत्नी चहा वेळेवर देते." तर हे त्या पेपरच्या संगीताताईंनी आपल्या मनानं लिहिलं आहे. पेपरवाले काहीही लिहितात. साधना हा शब्द मी कधी वापरतो का, तूच सांग.

इकडे सगळं ठीक आहे. गाडीतली साठ-साठ डोकी मोजायची सवय असलेला माणूस मी, एकतीस वर्षांत एकदाही मोजणी चुकली नाही. आता घरात मोजतो तर एक. लगेच संपतं. ताराबाई सकाळी दोन भाकरी आणून देतात, नुसत्या. "कोड्यास तुमचं तुमी बघा," म्हणाल्या. त्या तुझ्या बाजूच्या आहेत हे मला त्या कोरड्या भाकरीवरूनच कळलं. चटणीवर भागवतोय.

येत्या २५ तारखेला, रविवारी, बीडला माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ आणि 'शब्दमहर्षी' असं मानपत्र. त्याआधी लोकांसमोर फळ्यावर एक कोडं सोडवून दाखवायचं आहे. तर तू त्याच्या आत ये. सत्काराला जोडीनं बसायची पद्धत असते म्हणून म्हणतो, दुसरं काही कारण नाही.

तुझा,
आश्रुबा

*

नेकनूर,
रविवार, ११ जानेवारी

सौ. वनमाला हिस,
आशीर्वाद, आणि नमस्कारही.

तुझं उत्तर आलं नाही. शिवशंकर म्हणतो पत्र पोचलं. तू ते उभ्या उभ्या वाचून पदराला बांधलंस असं धर्मापुरीच्या गाडीच्या कंडक्टरनं त्याला सांगितलं. बांधलंस म्हणजे फाडलं नाहीस, एवढं मी धरून चाललोय.

मागच्या रविवारचं कोडं तू गेल्याच्या गडबडीत राहूनच गेलं, म्हणजे आपले, माझे, पन्नास रविवार पन्नासावरच थांबले. हे अजून कुणाला माहीत नाही. आज मात्र सकाळी सातला पेपर घेऊन बसलो तो साडेअकराला उठलो. छत्तीसपैकी एकवीस शब्द आले. नद्या, राजधान्या, राष्ट्रपती आणि नक्षत्रं ही माझी बाजू. बाकीचे शब्दही सोपेच आहेत, फक्त मला सध्या वेळ कमी आहे. त्यातले तीन खाली देतो. मी लिहिलेलं बरोबरच आहे, तू नुसती नजर टाक.

आडवे ६: भाकरी थापायचे लाकडी (४). मी लिहिलं, पोळपाट.
उभे ९: चुलीचा शेजारी (२). धूर.
आडवे १७: दुधाची लेक, तुपाची आजी (२). दही.

उत्तर याच कागदाच्या पाठीवर लिहिलंस तरी चालेल.

आज एकटा बसलो तेव्हा पहिल्या रविवारची आठवण झाली. बावीस वर्षं झाली त्याला. 'पाने औषधी, शेंगा लांब, लाकूड ठिसूळ (३)' यावर मी तासभर अडलो होतो. शेवटी कंटाळून स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालो, "कोड्यास काय?" म्हणजे कोड्यात काय लिहू. तू तव्यावरची भाकरी उलटताना मागं न बघता म्हणालीस, "शेवगा." मी तीन घरं मोजली आणि जागच्या जागी थिजलो. चौथी शिकलेली बाई, कोडं न बघता उत्तर देते. जेवायला बसल्यावर ताटात शेवग्याच्या शेंगा आल्या, तेव्हा कळलं की मी भाकरीबरोबरचं कोड्यास काय केलंय तेच विचारतोय असं तुला वाटलं होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम पुन्हा विचारलं, "कोड्यास काय?" तू म्हणालीस, "पिठलं." मी ते हिमालयातल्या एका शिखराच्या तीन घरांत बसवून बघितलं. बसलं. पेपरनं ते चूक ठरवलं. मग तू म्हणालीस, "सरळ वाचून दाखवा की, काय इचारलंय त्यात." त्या दिवसापासून मी वाचतो आणि तू भाकरी थापत थापत

हे मी कशाला लिहीत बसलो. वेळ कमी आहे. कोडं बुधवारपर्यंत पाठवायचं असतं.

आश्रुबा

*

(याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीनं)

धर्मापुरी, १३ जानेवारी

आडवे ६ – काटवट. पोळपाटावर भाकर तुमच्या घरात कुनी थापली व्हती?
उभे ९ – वैल.
आडवे १७ – साय.
बाकी ठीक.

(त्याखाली, निळ्या शाईनं)

काका, उभे २२ ला 'वेसण' बसतंय का बघा. खळ कच्ची होती, पाकीट आपोआप उघडलं. – शिवशंकर

*

नेकनूर,
बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

वनमालास,
आश्रुबाचा नमस्कार.

तुझं अक्षर बघून बरं वाटलं. 'बाकी ठीक' हे वाचून तर फारच बरं वाटलं. सकाळपासून चार वेळा वाचलं. कोड्याचं बाकी ठीक, की आपलं बाकी ठीक, ते मात्र तू लिहिलेलं नाहीस. ताराबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोड्याचंच हाय ते. लई खूश होऊ नका."

काल भोगी होती. तिळाची बाजरीची भाकरी ताराबाईंनी दिली आणि भाजीचं पातेलं माझ्या डोळ्यांसमोरून त्यांच्या घरात परत नेलं. वास इथपर्यंत येत होता. आज सोबत तिळगूळ पाठवतो. मी स्वतः केला आहे. सहा लाडू होते, शिवशंकरला मोजून दिले आहेत. तुला सहाच मिळाले पाहिजेत.

आज सणाचा दिवस आहे तर एक गोष्ट सरळ सांगतो. संगीताताईंनी आपल्या मनानं लिहिलं असं मी म्हणालो होतो, ते पुरतं खरं नाही. चहाचं मी बोललो होतो. पण सहज बोललो होतो. 'वेळेवर' हा शब्द बहुतेक त्यांचा असावा. आणि 'साधना' माझाच. तो मला त्या वेळी सुचला आणि बरा वाटला.

सत्काराची पत्रिका आली आहे. 'श्रोत्यांसमोर थेट कोडे सोडवण्याचे प्रात्यक्षिक' असं जाड अक्षरांत छापलंय. प्रात्यक्षिक ऐकलं की मला आमच्या आगारातलं आग विझवण्याचं प्रात्यक्षिक आठवतं. त्यात तंबू जळाला होता.

तिळगूळ घे आणि, पुढचं तुला माहीत आहे.

आश्रुबा

*

नेकनूर,
रविवार, १८ जानेवारी

वनमालास नमस्कार.

आज एकोणीस आले. मागच्या वेळेपेक्षा दोन कमी, पण कोडेकार हल्ली मुद्दाम अवघड देतात. काही सूचना तर अशा विचित्र आहेत की मी चकित झालो. तूच बघ:

आडवे ३: पाखडते पण पंख नाहीत (२). मी लिहिलं, घार.
आडवे ११: एकाच पायावर उभी राहून घरभर हिंडते (३). बगळा लिहिणार होतो, पण 'उभी' आहे.
उभे १४: रुसलेली बायको घरी परतण्याचा वार (४).

शेवटच्यावर मी बराच विचार केला. चार घरं आहेत, म्हणजे मंगळवार सोडून कोणताही बसतो. मंगळवार पाच घरांचा. बाकी सहा वारांपैकी कोणता ते तुझ्यासारख्या जाणकार व्यक्तीनंच सांगावं. माझ्या मते शनिवार, कारण रविवारी बीडला सत्कार आहे. पण कोडेकाराच्या मनात काय आहे ते आपण कसं सांगणार.

आश्रुबा

*

(पाठीवर)

धर्मापुरी, २० जानेवारी

आडवे ३ – सूप. घारीला पंख असत्यात.
आडवे ११ – केरसुणी हाय, पर ती चार घरं खाती. तीन असतील तर झाडणी लिवा.
उभे १४ – असं कोड्यात न्हाईच. हितं बी पेपर येतो. उभ्यात तेरानंतर एकदम पंधराच हाय.
तिळगूळ पाच मिळाले. गूळ जास्त झालाय, दात धरतोय.

(निळ्या शाईनं)

काका, एक फुटला होता म्हणून खाल्ला. दात अजून दुखतोय. – शिवशंकर

*

नेकनूर,
गुरुवार, २२ जानेवारी

वनमाला,

आज कोडं नाही. नमस्कार-आशीर्वादही काय लिहायचे ते सुचत नाही.

उभे चौदा मी घुसडलं, ते तू ओळखणार हे मला पाकीट देतानाच माहीत होतं. तरी दिलं. शिवशंकरनं डबल बेल दिली तेव्हा पाकीट परत मागायला गाडीमागं चार पावलं धावलोही.

मला रविवारी फळ्यासमोर उभं राहायचं आहे आणि मला कोडं सोडवता येत नाही. अर्धं येतं. नद्या येतात. पन्नास रविवार जे बिनचूक गेले त्यातलं माझं काय होतं? वाचून दाखवणं आणि अक्षर. अक्षर माझं चांगलं आहे. पहिल्या पत्रात मी तुला जोडीनं बसायला बोलावलं ते खोटं होतं. तू पहिल्या रांगेत बसून ओठ हलवून उत्तरं सांगशील असा माझा विचार होता. मी चष्म्याचा नंबरही नवा करून आणला होता.

आता त्या मुलाखतीचं. चहाचं मी सहज बोललो नव्हतो.

संगीताताईंनी दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं, "घरातून कुणाची मदत होते का?" तेव्हा तू दारात आली होतीस, हातात ट्रे. मी तुला बघितलं. तू पण माझ्याकडे बघत होतीस, आणि थांबली होतीस. मी नुसता घसा साफ केला. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हणालो, "नाही. ही माझ्या एकट्याची साधना आहे." एवढ्यावर त्या ट्रेकडे बघायला लागल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून चहाचं बोललो. 'वेळेवर' हा शब्दही माझाच. तू ट्रे ठेवलास आणि आत गेलीस. कप वाजलेसुद्धा नाहीत.

ती बुधवारची गोष्ट. छापून आलं रविवारी. मधले तीन दिवस तू काही बोलली नाहीस, भाकरी केलीस, कपडे धुतलेस. मला वाटलं विसरलीस. आता कळतं की तू वाट बघत होतीस. संगीताताईंचा नंबर कॅलेंडरवर मीच लिहून ठेवला होता, ठळक अक्षरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर. तू तीन दिवस त्या नंबराखाली बसून भाकरी भाजलीस आणि मी एक फोन करून ती ओळ बदलून घेतो का ते बघितलंस. मी नाही केला. मला लाज का वाटली नाही याचीच आता लाज वाटते.

रविवारी आजारी पडावं असा विचार केला होता. पण पत्रिका वाटून झाल्या आहेत, आणि ताराबाई म्हणाल्या, "पडा आजारी. मी बी भाकर आणत न्हाई मंग." तर मी जाणार आहे. तू ये असं मी लिहीत नाही. मला वाईट वाटतंय एवढंच लिहायचं होतं, ते लिहायला पाच पत्रं लागली.

शिवशंकर, हे वाचलंस तर निदान त्यावर काही लिहू नकोस.

आश्रुबा

*

नेकनूर,
सोमवार, २६ जानेवारी

वनमाला,

फोनवर तुला अर्धंच कळलं असेल, म्हणून काल काय झालं ते नीट लिहितो. पत्र लांबेल.

सभागृह भरलं होतं. संगीताताईंनी माझी ओळख करून दिली. आडनावच डोईफोडे, म्हणजे कोडं फोडायला जन्मले, असं त्या म्हणाल्या आणि लोक हसले. मग फळ्यावरचं कापड काढलं. बारा शब्दांचं कोडं होतं. माझ्या हातात खडू दिला. तुझी जागा म्हणून माझ्या शेजारी एक खुर्ची मांडली होती, तिच्यावर कुणीतरी पाण्याचा जार ठेवला.

सुरुवात बरी झाली. दोन नद्या, एक नक्षत्र. मग काश्मीरची उन्हाळ्यातली राजधानी, श्रीनगर, ते मी उभं झोकात लिहिलं. टाळ्या पडल्या. 'काटवट' पण आला, तो तुझ्या कृपेनं. अकरा झाले. राहिला एक, आडवे ७: 'नावात सुके, ताटात ओले, भाकरीचा सोबती (४)'.

मी हसलोच. भाकरीचा सोबती, ताटात ओला, म्हणजे कालवण. का, ल, व, ण, चार घरं बरोबर. लिहायला गेलो तर दुसऱ्या घरात आधीच 'र' बसलेला. श्रीनगरचा र. मीच लिहिलेला. माझं सगळं कालवण तिथंच सांडलं.

मी घरं पुन्हा मोजली, चारच. तीन आठवडे कोरडी भाकरी खाल्लेला माणूस मी, आणि मला भाकरीचा सोबती आठवेना. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चहा पाजा रे महर्षीला. घरी येळेवर मिळतोय त्यांना." लोक खूप हसले. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं नाही, कारण ओळ माझीच होती. वाईट वाटलं ते, तू एकटीनं ती कशी वाचली असशील याचं.

मी संगीताताईंना म्हणालो, एक फोन लावायचा आहे. त्या म्हणाल्या, "नियमात बसत नाही. बाहेरच्या माणसाची मदत घेता येत नाही." माईक माझ्या तोंडापुढे होता हे माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हणालो, "ती बाहेरची नाही. पन्नास कोडी तिनंच सोडवली. ह्यात बाहेरचा कोण असेल तर तो मी." संगीताताईंनी मला न विचारता स्वतःचा फोन काढला आणि नंबर विचारला. माझ्या फोनवरून तू उचलला नसतास हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. त्यांचंही लग्न झालेलं आहे.

पुढचं तुझ्याकडून तुला माहीत आहे, पण इकडून ते कसं ऐकू आलं ते सांगतो. फोन माईकपाशी धरला होता. तुझा आवाज आला, चारशे माणसांत, "कोन? ब्यांकेतून का? ओटीपी मी कुनाला देत नसते."

"अगं, मी बोलतोय," मी म्हणालो.

बोलायचं खूप होतं, पण तोंडातून आलं ते बावीस वर्षांच्या सवयीनं आलं.

"कोड्यास काय?"

"गवार हाय," तू म्हणालीस.

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी घाम पुसला आणि म्हणालो, "अगं तसं न्हाई. कोडं हाय. नावात सुकं, ताटात ओलं, भाकरीचा सोबती. चार घरं, दुसरं र."

"मंग तेच की."

"काय तेच?"

"आत्ता काय इचारलंत तुमी मला?"

"कोड्यास काय, असं इचारलं."

"तेच लिवा मंग."

"अगं पण कोड्यास तीन घरात संपतंय. हितं चार हायती."

"आपुन र खातो बोलताना. पुस्तकात असतोय त्यो. कोरड्यास. बसतंय का बघा." आणि मी खडू उचलायच्या आत तू म्हणालीस, "ठेवा आता. तव्यावर भाकर हाय."

बसलं. को, र, ड्या, स. माझ्या इतक्या चांगल्या अक्षरात इतकं वाकडं मी आयुष्यात लिहिलं नाही. टाळ्या बराच वेळ चालू होत्या. त्या माझ्या नव्हत्या म्हणून मी पण वाजवल्या.

शाल माझ्या खांद्यावर घालायला पाहुणे पुढे आले, मी हातात घेतली. ती ट्रंकेत ठेवली आहे. काल परतीच्या गाडीत खिडकी बंद होत नव्हती आणि थंडी चांगली होती, तरी अंगावर घेतली नाही. नारळ देवापाशी आहे. मानपत्र संगीताताईंनी नाव बदलायला परत नेलं. तुझ्यासाठी 'शब्दमहर्षी'चं काय करायचं, महर्षीचं बाईमाणसात काय होतं, हे त्यांनाही माहीत नाही. कोडेकारांना विचारून सांगते म्हणाल्या. येत्या रविवारी सगळं दुरुस्त करून छापणार आहेत. छापायच्या आधी मला वाचून दाखवा असं मी सांगितलं, आणि त्यांनी आज सकाळी फोनवर वाचून दाखवलं. एक ओळ मी बदलून घेतली. कोणती ते पेपरात बघ.

आज मी पहिल्यांदा चहा केला. दोनदा उतू गेला, तिसऱ्यांदा झाला, तोवर दहा वाजले होते. वेळेवर होणं काय असतं ते मला आज कळलं.

उभ्या चौदाचं मी पुन्हा विचारत नाही. ते कोड्यात नव्हतंच. पण मी ती चार घरं एका कागदावर काढून चुलीच्या वर लावली आहेत, कॅलेंडरच्या जागी. रिकामीच आहेत. राहू देत.

तुझा,
आश्रुबा

*

धर्मापुरी,
रविवार, १ फेब्रुवारी

तुमाला नमस्कार.

पत्र मिळालं. पाकीट उघडल्यालं कळत व्हतं. शिवशंकरनं यावेळी कायबी लिवलं न्हाई, नुस्तं चिटकवून दिलंय आन हितल्या गाडीच्या कंडक्टरकडं निरोप धाडला, काकू, उत्तर लौकर द्या, आमाला बी झोप न्हाई.

पेपर आला. नाव माझं हाय आन फोटू तुमचाच छापलाय. गावातली मानसं इचारत्यात वनमालाबाईला मिशा कधी फुटल्या. चालतंय. ती बदललेली वळ वाचली. "घरातून कुणाची मदत होते का?" – "पती कोडे वाचून दाखवतात. अक्षर चांगले आहे." खरं हाय ते. अक्षर चांगलं हाय तुमचं.

उभे १४ – मंगळवार.

चार घरात बसत न्हाई, ठाव हाय मला. पाच लागत्यात. एकतीस वर्सं लोकांची डोकी मोजलीत, पर आपल्या घरचं एक मोजायचं ऱ्हातंच तुमचं. त्या कागदावर एक घर वाढवा.

गाडी साडेतीनला नेकनूरला येती. गवारीच्या शेंगा आनते, कोड्यास व्हईल. चहा वेळेवर पायजे.

वनमाला